हाकेचा दगड

"डावा पाय तानबावर."

"ठेवला, बावा."

"उजवा बंडूजीवर. ताण जरा, बंडूजी दूर हाय."

"हा बंडूजी कधी जवळ होता का?"

"तोंड बंद ठेव, माशा आयकतेत. आता डावा हात हिरालालच्या टकलावर."

नाल्याच्या अलीकडे एका बसक्या दगडावरून नत्थूजी मोहळे ओरडायचे आणि नाल्यापलीकडे, आग्याच्या कड्याला पोट चिकटवून, त्यांचा मुलगा श्रावण वर सरकायचा. नव्या माणसाला वाटावं, बाप-लेक मिळून कोणाला तरी तुडवून राहिले आहेत.

तानबा, बंडूजी, हिरालाल ही सगळी माणसं केव्हाच गेलेली होती. कड्यावर होत्या त्या खोबणी, कंगोरे आणि फटी. ज्यानं जी जागा पहिल्यांदा शोधली, त्याच्या माघारी त्या जागेला त्याचं नाव, असा मोहळ्यांच्या टोलीचा रिवाज. हिंगणीच्या पुढे, बोरच्या जंगलात ही मोजक्या घरांची टोली. चैत्रात कड्याच्या कपाळाखाली आग्या मोहळाची काळी पोळी लोंबू लागली की टोलीतला एक जण ती कापायला चढायचा. पोट दगडाला लावून चढणाऱ्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. त्यात खालून पळसाच्या ओल्या पाल्याचा धूर. म्हणून समोरच्या दगडावर हाक्या बसायचा, डोक्याला लाल दुपट्टा बांधून, आणि पुढची जागा नाव घेऊन सांगायचा. चढणारा आधी कड्याला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि म्हणायचा, "आजा-पणजाहो, पाय लागन, राग नोका धरजा." मग नाल्यापलीकडे ओरडून विचारायचा, "हाक्या?"

"बसला," असं उत्तर आलं की पहिला पाय तानबावर.

या टोलीत धुरपता सून होऊन आली ती आष्टीहून. तिच्या बापाचा भाजीचा मळा होता आणि आठवडी बाजारात वांगी विकायचं काम लहानपणापासून तिच्याकडे. तिनं "काटेरी वांगीऽ" म्हणून आरोळी दिली की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बैलांचा सौदा थांबायचा, असं तिचा भाऊ कवडू सांगे. लग्नाच्या बोलणीत त्यानंच आधी कबूल करून टाकलं होतं.

"पोरगी कामाची हाय. फक्त आवाज जरा..."

"आवाज आयकूनच आलो, बापा," नत्थूजी म्हणाले होते. "बाजारात वांगी घेतली मी तिच्यापासून. मांगून भाव कराले गेलो तं कानाचे पडदे हालले."

सुनेचा आवाज मात्र टोलीत आल्यावर पदराखाली गेला. दुपारी सासऱ्यांची भाकर घेऊन ती हाकेच्या दगडापाशी जायची, जराशी मागे, पदर कपाळावर ओढून बसायची. सासरे ओरडत राहायचे आणि ती पलीकडे चढणाऱ्या नवऱ्याचे तळवे बघत राहायची. तिथंच तिला सासरची सगळी मंडळी भेटली. तानबा म्हणजे पणजेसासरे, पसरट, भरवशाचे, कोणीही पाय द्यावा. चुलत आजेसासरे बंडूजी हयातभर जेवायला उशिरा आले, आता कड्यावरही सगळ्यांपासून लांब उभे. थोरले सासरे हिरालाल, डोक्यासारखेच गुळगुळीत. धाकटे सासरे लहानू देहानं जाडजूड, पण त्यांची जागा एवढीशी, अंगठा मावेल इतकीच, कारण ती त्यांना पाय घसरताना सापडली होती. आणि सगळ्यांच्या वर, पोळ्यांच्या अगदी खाली, हाताची मूठ आत शिरेल अशी फट. ती आजेसासऱ्यांची. त्यांचं नाव श्रावण, आणि तेच नाव नातवाला ठेवलेलं.

चढणाऱ्याच्या कमरेला दोर असायचा, अंबाडीचा. तो वर धावड्याच्या झाडाला गुंडाळून साळ्यानं धरायचा. साळाच का? तर बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात आहे तो झोपणार नाही. म्हणून दर चैत्रात कवडू आष्टीहून यायचा आणि वर जाताना एकच गोष्ट सांगून जायचा. "जवाईबापू, पडाचं असन तं सांगून पडजा. मी तंबाखू मळून राह्यलो असन."

असं सगळं नीट चाललं होतं. मग चोपन्न सालच्या दिवाळीनंतर नत्थूजींना लकवा मारला. डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं आणि ज्या गळ्यानं कडा चढवला त्यातून नुसता घरघर आवाज यायला लागला.

चैत्र आला. पोळी लोंबली. जंगलाच्या ठेकेदाराचा माणूस टोलीत येऊन सांगून गेला: तुमच्याच्यानं होत नसेल तर आमची माणसं लोखंडी खुंट्या ठोकून चढतील. खुंट्या कुठे ठोकणार, तर ज्या खोबणी तयार आहेत त्यांतच. म्हणजे तानबाच्या छातीत पहिली.

"यंदा चढाचं," श्रावण म्हणाला. "हाक्या कोणीतरी बसवा."

ताराचंद बसला. तो टोलीतला जुना चढणारा, गुडघे गेलेला. कड्यावर त्याच्या हातांना सगळं ठाऊक होतं, पण समोरून कधी पाहिलेलं नव्हतं. खालीच, पालापाचोळा टाकून चाचणी घेतली, तर त्यानं श्रावणला बंडूजीवर डावा पाय द्यायला सांगितलं. पाय पायात अडकला आणि श्रावण पाचोळ्यात उताणा.

"डावा नाई, उजवा," मागून आवाज आला. "बं..." आणि आवाज तिथंच तुटला.

सगळ्यांनी मागे पाहिलं. धुरपतानं पदर तोंडात कोंबला होता.

"तुले येते?" ताराचंदनं विचारलं.

तिनं मान डोलावली.

"पुरा कडा?"

तिनं पुन्हा मान डोलावली. श्रावण पाचोळ्यातून उठून बसला, केसांतली पानं काढत. "मंग बोलत काऊन नाई वं? मी पडलो ना इथी."

काऊन नाही, ते त्यालाही माहीत होतं. सगळ्या कड्यावर एकही जागा अशी नव्हती की जिचं नाव सुनेनं घ्यावं. पणजेसासरे, आजेसासरे, थोरले, धाकटे. आणि शेवटच्या जागेला तर नवऱ्याचंच नाव.

सासू जयवंता संध्याकाळी चुलीपुढे बसून स्पष्ट बोलली. "थोरल्या भाऊजीचं नाव मी ते जिते असतानी घेतलं नाई, मेल्यावर घेतलं नाई. आन तू दरीत ओरडशीन? साऱ्या जंगलाले आयकू जाईन. वाघबी म्हनन, मोहळ्याची सून पाहा."

"आत्याबाई, मंग खुंट्या ठोकू द्याच्या का?"

जयवंतानं जाळ पुढे सारला. फुंकणीनं फुंकर घातली. मग म्हणाली, "नात्यानं सांग. पणजेसासरे म्हण, थोरले मामाजी म्हण. अर्थ पोचला म्हंजे झालं."

हा तोडगा टोलीला इतका आवडला की दुसऱ्याच दिवशी अंगणात तालीम सुरू झाली. श्रावण डोळे बांधून स्वयंपाकघराच्या भिंतीला पोट लावून उभा. भिंतीवर कोळशानं खुणा. धुरपता गोठ्यापाशी. पाटावर नत्थूजी, आणि सगळ्या बाया कामं टाकून.

"पणजेसासऱ्यावर डावा ठेवा."

"ठेवला."

"आता मामाजीच्या चुलत काकाजीवर उजवा. ताणा जरा."

"हा बंडूजी इथीबी दूरच," श्रावण भिंतीशी बोलला.

"थोरल्या मामाजीवर डावा हात. धाकल्या मामाजीवर उजवा अंगठा. आता..."

"आता?"

"आता तेच."

"तेच म्हंजे कोण वं?"

"तेच. जे मायबापानं तुमाले ठेवलं."

बायांनी पदर तोंडाला लावले. कवडू सकाळीच आष्टीहून पोचला होता, तो खांबाला धरून हसत सुटला. "धुरपते, बेचाळीसात आष्टीचे लोक पोलिसाच्या बंदुकीले नाई भेले. तू एका नावाले भेतं?"

"तू चूप बस, दादा. तुया बायकोले घेऊ दे आधी तुयं नाव."

सगळे खूश. एकटे नत्थूजी पाटावर बसून चांगल्या हातानं काठी आपटत होते. नाही, नाही, असं काहीतरी त्यांना सांगायचं होतं. जयवंतानं त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली. "सुनेचा मान राखून राह्यलो, त्याचा राग येते का तुमाले?" ती म्हणाली. म्हाताऱ्यानं काठी टाकून दिली.

चढायच्या दिवशी सकाळी नत्थूजींना खाटेवर घालून हाकेच्या दगडापाशी आणलं. त्यांनी हट्टानं लाल दुपट्टा स्वतःच्याच डोक्याला बांधून घेतला होता. धुरपता त्यांच्या शेजारी, दगडाच्या कडेवर टेकली.  कवडू वर धावड्यापाशी. जयवंता नि बाकीच्या पलीकडे कड्याखाली धुराशी. श्रावणनं कड्याला हात लावला, कपाळाला लावला.

"हाक्या?"

तिला बसला म्हणायचं की बसली, कळेना. "हाय," ती ओरडली. पदराखालचा आवाज बाहेर पडला आणि नाल्यातले बगळे उडाले.

श्रावण चढला. तानबा झाला, बंडूजीही झाला. खाली खुल्यात आवाज मोकळा जात होता. "थोरल्या मामाजीवर डावा हात," ती म्हणाली नि त्याचा हात नेमका टकलावर गेला. जयवंतानं खालून मान वर करून पाहिलं, बघ, मी म्हटलं नव्हतं, अशा थाटात.

तिथून वर कडा आत वळतो. कपाळ पुढे आलेलं, खाली खोल पोकळी, आणि त्या पोकळीत पोळी, खाटेएवढी, काळी, जिवंत. श्रावण त्या पोकळीत शिरला. खालून धुराचा एक जाड लोट वर गेला आणि तो कमरेपर्यंत दिसेनासा झाला. आता उजवा अंगठा लहानूवर.

"धाकल्या मामाजीवर उजवा अंगठा ठेवा."

पोकळीनं ते वाक्य घेतलं आणि परत फेकलं. पुढचं टोक मागच्यावर आदळलं. मामाजीवर, धाकल्या, ठेवा, अंगठा, मामाजी, सगळं एकात एक.

"काय?" श्रावण धुरातून ओरडला.

"धाकल्या मामाजीवर..." ती पुन्हा सुरू झाली, यावेळी आणखी जोरात. आणखी जोरात गेलं ते आणखी जोरात परत आलं. आता दरीत चार-चार धुरपता बोलत होत्या आणि कोणतीच कळत नव्हती.

अंगणात दरी नव्हती. घरच्या भिंतीनं कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. नत्थूजींच्या हाकेचाही आवाज परत यायचाच, पण लहानू म्हणून ते थांबायचे, मग दरी लहानू म्हणायची. नाव संपलेलं असायचं. पोकळीतल्या हाकेत फक्त नावं का, नाती का नाहीत, वाक्यं का नाहीत, हे अंगणात पाटावर काठी आपटणाऱ्या त्या मुक्या माणसाशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

श्रावणचा उजवा पाय हवेत फिरत होता. दगडावर घासत, चाचपत, खाली जात, वर येत. डावी मांडी थरथरायला लागली, ते इथून दिसलं. पोळ्यांवरून एक लाट गेली, पिकावरून वारा जावा तशी, आणि गुणगुण जाड झाली.

वर कवडूला दोरात थरथर लागली असणार. दोर हळूच ताठ होऊ लागला. आता त्यानं ओढला तर श्रावण कड्यापासून सुटून झोका घेणार, थेट पोळ्यांत.

"दादा, दोर ढिला सोड, ओढू नोको," ती किंचाळली. तेही वाक्यच. दरीनं तेही चावून टाकलं.

"कुठी हाओ मी?" श्रावण विचारत होता. "धुरपता, कुठी हाओ मी?"

नाव तिच्या तोंडात आलं होतं. दातांपर्यंत आलं आणि तिथं थांबलं. इतक्या वर्षांत त्या वाटेनं ते कधी गेलंच नव्हतं. शेजारी नत्थूजी काठीनं दगड बडवत होते. मग काठी थांबली. त्यांनी चांगला हात वर नेला, डोक्यावरचा लाल दुपट्टा ओढून काढला आणि वाकडातिकडा, पदरावरूनच, सुनेच्या डोक्यावर टाकला. तेवढ्यानं ते खाटेवरून अर्धे घसरले. पण हात मागे घेतला नाही. दुपट्टा तिच्या डोक्यावर दाबून धरला.

"लहानू," धुरपता ओरडली.

लहानू, म्हणाली दरी.

"उजवा."

उजवा.

तळवा कड्यावर वर सरकला, आत वळला आणि अंगठा बसला. मांडीची थरथर थांबली. वर दोरही ढिला झाला. कवडूनं नाव ऐकलं होतं, आणि लहानू म्हटल्यावर दोर एक हात सोडायचा हे त्याला माहीत होतं. नावं वरच्या माणसासाठीही होती.



"डावा हात," धुरपता म्हणाली.

"कुठी?"

तिनं दुपट्ट्याचं टोक मुठीत धरलं.

"श्रावण."

दरीनं ते नाव अगदी स्वच्छ परत दिलं. श्रावण. आणि कड्यावरच्या माणसानं, चढताना जे कोणी कधी करत नाही, ते केलं. मान वळवून नाल्यापलीकडे पाहिलं.

"कोण?" त्यानं विचारलं.

"श्रावण."

"आयकू नाई आलं."

"श्रावण, श्रावण, श्रावण. बहिरे झाले का? मूठ घाला आत."

धुरातून त्याचं हसू ऐकू आलं. मूठ फटीत गेली. दुसऱ्या हातानं त्यानं कमरेची बांबूची कामटी काढली आणि पहिल्या पोळ्याला लावली.

मधाचे पिपे एकामागून एक खाली आले. श्रावण उतरला तेव्हा त्याचा एक डोळा माशांनी बंद केला होता आणि दुसऱ्यानं तो बायकोकडे बघून हसतच होता. कवडू वरून धावत आला. त्याच्या तळहातांवर दोराचे वळ उठले होते. "तंबाखू राह्यली माई," एवढंच तो म्हणाला आणि खाली बसला.

जयवंता नाला ओलांडून आली तशा बाकीच्या बाया बाजूला झाल्या. धुरपताच्या डोक्यावर अजून तो लाल दुपट्टा होता. काढावा की ठेवावा, तिला समजत नव्हतं.

"किती येळा घेतलं?" जयवंतानं विचारलं.

"मोजलं नाई, आत्याबाई."

"शेवटी तं लागोपाठच घेतलं. आमी खाली आयकून राह्यलो ना."

"ते आयकू नाई आलं म्हणत होते."

"त्याले पयल्याच टायमाले आयकू आलतं. माया पोटचा हाय, मले नोको सांगू." जयवंतानं पिप्यातून पोळ्याचा तुकडा मोडला आणि सुनेच्या तोंडात घातला. बोटं चाटली. मग खाली घसरलेल्या नवऱ्यापाशी बसली. त्यांना टेकू देऊन उठवलं, मधाचं बोट त्यांच्या वाकड्या ओठाला लावलं आणि इकडेतिकडे बघून अगदी हळू म्हणाली, "नत्थूजी."

म्हाताऱ्याचा अर्धा चेहराच हलत होता. तेवढा सगळा हसला.

ठेकेदाराचा माणूस त्या वर्षी पुन्हा आला नाही. धुरपता टोलीची हाक्या झाली. टोलीतल्या सुना भाकर घेऊन दगडापाशी यायला लागल्या आणि मागे बसायच्या ऐवजी शेजारी बसायला लागल्या. तानबा कोण, बंडूजीला जेवायला उशीर का व्हायचा, हे त्या एकमेकींना सांगायच्या, आणि चढणारा कोणत्या जागेवर आहे ते नावानं ओळखायच्या. घरात मात्र धुरपता पूर्वीसारखीच "अवो, आयकलं का" म्हणायची. श्रावण चिडवायचा.

"कड्यावर नाव घेतं. घरी काऊन नाई घेत वं?"

"घरी का तुमी लोंबकळून राह्यले?"

छप्पन्न सालच्या थंडीत नत्थूजी गेले. रिवाजाप्रमाणे त्यांचं नाव कशाला द्यावं, याची टोलीत चर्चा झाली. ते तरुणपणी एकदाच चढले होते, पाय मोडून घेतला होता, नवी जागा त्यांना सापडली नव्हती. कड्यावर त्यांच्यासाठी काही शिल्लक नव्हतं. ताराचंद म्हणाला, आपण एखादी लहानशी खोबण पाडू. जयवंता म्हणाली, खोटी जागा नको. विषय तिथंच राहिला.

चैत्रात पुन्हा पोळी लोंबली. धुरपता लाल दुपट्टा बांधून दगडावर चढली. दगड मधोमध थोडा खोल झालेला होता, वर्षानुवर्षांच्या एकाच बैठकीनं. ती त्यात नीट बसली. पलीकडे श्रावणनं कड्याला हात लावला, कपाळाला लावला, आजा-पणजांची माफी मागितली. धुरापाशी जयवंता पळसाचा पाला पुढे सारत होती.

"हाक्या?" श्रावणनं विचारलं.

बसला, हे उत्तर सगळ्यांना पाठ होतं. धुरपतानं दोन्ही तळवे खालच्या दगडावर ठेवले.

"नत्थूजी," ती ओरडली.

दरी थांबली, नाव तिनं उचललं, कड्यावरून फिरवलं, कपाळाखालच्या पोकळीत नेलं आणि परत आणून दिलं. धुराशी वाकलेल्या जयवंतानं पाला हातातच धरून वर पाहिलं, हाकेच्या दगडाकडे. श्रावणनंही वळून पाहिलं.

"जागेवर हाय का?" त्यानं विचारलं.

"हाय."

"मंग चढतो," तो म्हणाला, आणि त्यानं डावा पाय तानबावर ठेवला.